हातातील रेडिओची शुद्धता कशी तपासावी?

हौशी रेडिओचालक, अर्थात ‘हॅम’, ज्या संचावरून बोलतो तो संच आज मुठीत मावतो. पाच वॅट शक्तीचा, दोन बँडांवर चालणारा, दिवसभर बॅटरी पुरवणारा असा हँडहेल्ड संच एके काळी चैनीची वस्तू समजला जाई. गेल्या दीड दशकात चिनी बनावटीच्या संचांमुळे त्याची किंमत साध्या मोबाइल फोनच्याही खाली आली. विद्यार्थ्यांना आणि लहान गावांतील हौशी मंडळींना हे क्षेत्र त्यामुळे खुले झाले, ही चांगली गोष्ट आहे. मात्र किंमत उतरवताना कारखान्यात ज्या भागांवर कात्री चालली, त्यांत ग्राहकाला कधीच न दिसणारा एक भाग आहे. तो म्हणजे प्रक्षेपकाच्या अखेरीस असणारी गाळणी, म्हणजेच फिल्टर.

ही गाळणी कमकुवत असली तरी संच वापरणाऱ्याला काहीच जाणवत नाही. पडद्यावर आकडे बरोबर दिसतात, आवाज स्वच्छ जातो आणि पलीकडून उत्तरही येते. त्याच क्षणी हा संच ज्या कंप्रतेशी, म्हणजे फ्रिक्वेन्सीशी, आपला काही संबंध नाही अशा ठिकाणीही शक्ती सांडत असतो. त्याचा त्रास होतो तो तिसऱ्याच कोणाला, आणि तो कोठून आला हे त्या तिसऱ्याला कळत नाही. हा दोष कानाला ऐकू येत नाही, डोळ्याला दिसत नाही आणि खोक्यावरील छापील मजकुरावरूनही समजत नाही. तो समजण्याचा एकच मार्ग आहे, आणि तो म्हणजे मोजणी. ही मोजणी कशी करतात, तिचे निकष कोणते आणि तिच्यात फसगत कोठे होते, याची माहिती या लेखात दिली आहे.

अनावश्यक उत्सर्जन म्हणजे काय?

समजा, एखादा रेडिओचालक १४५ मेगाहर्ट्झवर बोलत आहे. आदर्श संचातून फक्त १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासची, आवाज वाहून नेण्यास लागेल एवढ्याच रुंदीची लहर बाहेर पडली पाहिजे. प्रत्यक्षात त्याबरोबर इतरही काही बाहेर पडते. त्याचे साधारणपणे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार हार्मोनिकचा. मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंप्रतांवर ज्या लहरी निर्माण होतात त्यांना हार्मोनिक म्हणतात. सतारीची तार छेडली की मूळ स्वराबरोबर वरचे स्वरही उमटतात, तसाच हा प्रकार आहे. सतारीत त्यामुळे गोडवा येतो. रेडिओत मात्र ती शेजाऱ्याच्या शेतात घुसखोरी ठरते. १४५ मेगाहर्ट्झचा दुसरा हार्मोनिक २९० वर, तिसरा ४३५ वर आणि चौथा ५८० वर पडतो.

दुसरा प्रकार हार्मोनिक नसलेल्या भटक्या लहरींचा. संचाच्या आतील घड्याळ-स्पंद, मिश्रणातून उपजलेल्या कंप्रता किंवा अस्थिर झालेला शक्तिवर्धक यांतून त्या उद्भवतात. त्या मूळ कंप्रतेच्या वर पडतात तशा खालीही पडू शकतात.

तिसरा प्रकार मूळ लहरीच्या अगदी लगतच्या पसाऱ्याचा. आवाजाने लहर प्रमाणाबाहेर झुलवली गेली की ती शेजारच्या चॅनेलवर सांडते. आंतरराष्ट्रीय परिभाषेत या लगतच्या पसाऱ्याला वेगळे गणतात. ३० मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात, अरुंद चॅनेलच्या प्रक्षेपणासाठी, मूळ कंप्रतेपासून ६२.५ किलोहर्ट्झच्या पलीकडे जे काही आढळते ते भटके उत्सर्जन मानले जाते. या लेखात मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

दोष उद्भवतो कोठे?

जुन्या पद्धतीच्या संचात प्रक्षेपणाची साखळी लांबलचक असे आणि तिच्या प्रत्येक टप्प्यावर एकेक गाळणी येई. आजच्या स्वस्त संचात जवळजवळ संपूर्ण रेडिओ एकाच चिपमध्ये सामावलेला असतो. शांघाय येथील आरडीए मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या कंपनीची आरडीए १८४६ ही चिप याचे सुपरिचित उदाहरण होय. अशा चिपमधून निघणारी लहर गुळगुळीत नसून चौकोनी धाटणीची असते, आणि चौकोनी लहरीत विशेषतः तिसरा, पाचवा असे विषम हार्मोनिक भरपूर असतात. पुढचा शक्तिवर्धक कार्यक्षमतेसाठी मुद्दाम अरेषीय पद्धतीने चालवलेला असतो. तो त्यात आणखी भर घालतो. एफएम प्रक्षेपणात आवाजाची माहिती लहरीच्या उंचीत नसते, म्हणून अशा वर्धकाने बोलणे बिघडत नाही. सगळी स्वच्छता करण्याचे काम उरते ते शेवटच्या गाळणीवर.

ही गाळणी म्हणजे तांब्याच्या तारेची काही वेटोळी आणि काही कपॅसिटर. दोन बँडांच्या संचात व्हीएचएफसाठी एक आणि यूएचएफसाठी दुसरी अशी व्यवस्था लागते. व्हीएचएफची गाळणी ४३५ मेगाहर्ट्झ अडवणारी हवी, तर यूएचएफचा मार्ग तीच कंप्रता सोडणारा हवा. दोन्ही मार्ग एकाच अँटेनाला जोडताना काटकसर केली की व्हीएचएफचा तिसरा हार्मोनिक बाहेर निसटतो. वेटोळ्यांतील अंतर जुळवणीच्या वेळी थोडे कमी-अधिक झाले तरी गाळणीचे वर्तन बदलते. म्हणूनच एकाच मॉडेलचे, एकाच दुकानातून घेतलेले दोन संचही मोजणीत वेगवेगळे ठरू शकतात. एका संचाचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी.

अमेरिकेतील हौशी रेडिओचालकांची राष्ट्रीय संघटना, अमेरिकन रेडिओ रिले लीग, हिच्या प्रयोगशाळेने ओहायो राज्यातील ‘हॅमव्हेन्शन’ या वार्षिक मेळाव्यात अभ्यागतांचे हँडहेल्ड संच विनामूल्य तपासण्याचा उपक्रम अनेक वर्षे चालवला, आणि संघटनेच्या ‘क्यूएसटी’ या मासिकाने त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. नामवंत जपानी कंपन्यांचे संच जवळपास सर्व उत्तीर्ण झाले. स्वस्त चिनी संचांतील मोठा भाग मात्र मर्यादेबाहेर आढळला. सर्वच स्वस्त संच वाईट असतात असे यावरून म्हणता येणार नाही. न मोजता कोणताही संच चांगला म्हणता येणार नाही, एवढे मात्र खचित.

कोणाच्या वाटेत येते?

भारतात हौशी रेडिओसाठी व्हीएचएफमध्ये १४४ ते १४६ आणि यूएचएफमध्ये ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे उपलब्ध आहेत. त्यांचे हार्मोनिक कोठे पडतात हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते.

व्हीएचएफ पट्ट्याचा दुसरा हार्मोनिक २८८ ते २९२ मेगाहर्ट्झमध्ये पडतो. २२५ ते ४०० मेगाहर्ट्झ हा पट्टा जगभर प्रामुख्याने लष्करी विमानांच्या संदेशवहनासाठी वापरला जातो. तिसरा हार्मोनिक ४३२ ते ४३८ मध्ये पडतो, म्हणजे बहुतांशी हौशी रेडिओच्याच दुसऱ्या पट्ट्यात. यूएचएफ पट्ट्याचा दुसरा हार्मोनिक ८६८ ते ८७६ मध्ये येतो. भारतात ८६९ ते ८८९ मेगाहर्ट्झ हा पट्टा मोबाइल मनोऱ्याकडून फोनकडे येणाऱ्या संकेतांचा आहे. दूरच्या मनोऱ्याचा क्षीण संकेत पकडण्याची धडपड करणाऱ्या फोनशेजारी असा संच सुरू झाला, तर फोन का तुटला हे कोणालाच उमगणार नाही.

उपग्रहांचे उदाहरण तर फारच बोलके आहे. ‘इस्रो’ने ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटा येथून कार्टोसॅट-१ बरोबर ‘हॅमसॅट’ हा हौशी रेडिओचालकांसाठीचा उपग्रह सोडला. तो २०१४ पर्यंत कार्यरत होता. पृथ्वीवरून त्याच्याकडे जाणारे संकेत ४३५.२५ मेगाहर्ट्झच्या आसपास असत. १४५.०८३ मेगाहर्ट्झवर बोलणाऱ्या एखाद्या अशुद्ध संचाचा तिसरा हार्मोनिक नेमका तेथेच पडतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील हौशी रिपीटरबाबतही तशीच अडचण येते. त्याच्याकडे १४५.९९० वर बोलावे लागते आणि उत्तर ४३७.८०० वर ऐकावे लागते. बोलण्याच्या कंप्रतेची तिप्पट ४३७.९७० होते. बोलता बोलता ऐकण्याचा प्रयत्न करणाऱ्याला आपल्याच संचाचा तिसरा हार्मोनिक बहिरा करून सोडतो.

संकटकाळी हा प्रश्न अधिक तीव्र होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आणि डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात, इतर संपर्कव्यवस्था कोलमडली असताना हौशी रेडिओचालकांनी निरोप पोचवण्याचे काम केले. अशा वेळी नियंत्रण कक्षाच्या एकाच आवारात हौशी, पोलीस आणि आरोग्य यंत्रणा यांचे अनेक संच एकमेकांपासून हाताच्या अंतरावर चालू असतात. त्यांतील एक अशुद्ध संच शेजारच्या चार संचांचे कान बंद करू शकतो. मदतीसाठी आणलेले साधन मदतीच्याच आड यावे, यासारखी विसंगती दुसरी नाही.

गावातील शांतता आणि लांबवर जाणारा गोंगाट

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गाव मराठी वाचकाला लीळाचरित्रामुळे आणि महानुभाव पंथाचे श्रद्धास्थान म्हणून परिचित आहे. मराठी भाषा विद्यापीठासाठीही महाराष्ट्र शासनाने याच गावाची निवड केली. रेडिओच्या दृष्टीने अशा गावांचे एक वैशिष्ट्य असते. शहरात विजेची उपकरणे, वाहने आणि जाहिरातींचे दिवे यांचा रेडिओ-गोंगाट सतत चालू असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रमाणित आलेखांनुसार १४५ मेगाहर्ट्झच्या सुमारास शहरी आणि ग्रामीण गोंगाटात जवळपास १० डेसिबलचा, म्हणजे दहापटीचा फरक पडतो. साहजिकच रिद्धपूरसारख्या ठिकाणी क्षीण संकेत अधिक चांगले ऐकू येतात. अशुद्ध संचाचे भटके संकेतही तेथे तितकेच दूरवर पोचतात.

याचा अंदाज येण्यासाठी एक साधे गणित पाहू. पाच वॅटच्या संचाचा दुसरा हार्मोनिक मूळ शक्तीहून केवळ ३० डेसिबल खाली असेल, तर त्याची शक्ती पाच मिलिवॅट होते. मोकळ्या मैदानात, साध्या अँटेनांनिशी, एक किलोमीटर अंतरावर या पाच मिलिवॅटपासून सुमारे उणे ७५ डीबीएम एवढा संकेत मिळतो. (डीबीएम म्हणजे एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये सांगितलेली शक्ती.) चांगला एफएम संच उणे १२० डीबीएमच्या आसपासचा संकेतही ऐकू शकतो. म्हणजे ‘क्षुल्लक’ वाटणारा हा हार्मोनिक एक किलोमीटरवर गरजेपेक्षा सुमारे तीस हजार पट प्रबळ असतो.

मर्यादा किती?

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ विनियमांतील परिशिष्ट ३ मध्ये भटक्या उत्सर्जनाच्या मर्यादा दिल्या आहेत. ३० मेगाहर्ट्झच्या वरील हौशी प्रक्षेपकासाठी सूत्र असे आहे : ४३ अधिक शक्तीच्या (वॅटमधील) लॉगॅरिदमची दहापट, एवढे डेसिबल भटके उत्सर्जन मूळ लहरीहून खाली असावे, किंवा ते ७० डेसिबल खाली असावे, या दोहोंपैकी जे सौम्य असेल ते लागू. पाच वॅटसाठी हा आकडा ५० डेसिबल येतो. वॅटच्या भाषेत सांगायचे, तर कोणत्याही भटक्या कंप्रतेवर ५० मायक्रोवॅटहून अधिक शक्ती बाहेर पडता कामा नये.

अमेरिकेचे नियम ३० ते २२५ मेगाहर्ट्झमधील प्रक्षेपणासाठी थोडे अधिक कडक आहेत. २५ वॅट वा त्याहून कमी शक्तीच्या संचाचे भटके उत्सर्जन मूळ लहरीहून किमान ४० डेसिबल खाली असावे, शिवाय ते २५ मायक्रोवॅटच्या वर जाऊ नये, अशी दुहेरी अट तेथे आहे. पाच वॅटच्या संचाला ही दुसरी अट प्रत्यक्षात ५३ डेसिबलची ठरते. पुष्कळ जण केवळ ‘४० डेसिबल’ एवढेच लक्षात ठेवतात आणि नापास संचाला उत्तीर्ण ठरवून मोकळे होतात. ४० डेसिबल खाली म्हणजे ५०० मायक्रोवॅट. तो आकडा दोन्ही मर्यादांच्या कितीतरी बाहेर आहे.

मोजणीची साधने

या कामाचे मुख्य साधन म्हणजे स्पेक्ट्रम ॲनालायझर. कोणत्या कंप्रतेवर किती शक्ती आहे याचा आलेख तो पडद्यावर काढतो. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या इलेक्ट्रॉनिक्स शाखेत आणि संदेशवहन उपकरणांच्या प्रयोगशाळांत हे यंत्र असते. २०२० नंतर ‘टायनीएसए’ या नावाचे खिशात मावणारे आणि काही हजार रुपयांत मिळणारे उपकरण हौशी मंडळींच्या हाती आले. त्याच्या मूळ आवृत्तीत दोन मार्ग आहेत. पहिला ३५० मेगाहर्ट्झपर्यंत मोजतो आणि दुसरा २४० ते ९६० मेगाहर्ट्झ मोजतो. १४५ चा दुसरा हार्मोनिक पहिल्या मार्गाने चांगला मोजता येतो. तिसऱ्यासाठी मात्र दुसऱ्या मार्गाकडे वळावे लागते आणि त्याची अचूकता कमी आहे. नंतरच्या ‘अल्ट्रा’ आवृत्तीची व्याप्ती बरीच मोठी आहे.

संगणकाला जोडण्याचा आरटीएल-एसडीआर हा स्वस्त ग्राहक पुष्कळांकडे असतो. भटका संकेत आहे की नाही हे शोधण्यास तो उपयोगी पडतो. मात्र त्याची मोजपट्टी केवळ आठ बिटांची असल्याने ५०-६० डेसिबलचा फरक विश्वासाने मोजणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

दुसरे अत्यावश्यक साधन म्हणजे ॲटेन्युएटर, म्हणजे शक्ती ठरावीक प्रमाणात घटवणारा जोड. पाच वॅट म्हणजे ३७ डीबीएम. एवढी शक्ती थेट ॲनालायझरमध्ये सोडली तर त्याचे प्रवेशद्वार जळून जाते. टायनीएसएची सहनशक्ती तर १० डीबीएम, म्हणजे दहा मिलिवॅट एवढीच आहे. म्हणून संचाला आधी किमान दहा वॅट पेलणारा ४० डेसिबलचा ॲटेन्युएटर आणि त्यापुढे २० डेसिबलचा लहान ॲटेन्युएटर जोडतात. पाच वॅटची जवळजवळ सगळी शक्ती पहिल्या जोडातच उष्णतेच्या रूपाने मुरते.

प्रत्यक्ष तपासणी

१) संचाची बॅटरी पूर्ण भारित करावी. अँटेना काढून तेथे योग्य जोडणी बसवावी. बहुतेक चिनी संचांवर एसएमए जातीचा नर जोड असतो, तर बऱ्याच जपानी संचांवर मादी. त्यानुसार अडॅप्टर घ्यावा. अँटेना किंवा ॲटेन्युएटर न जोडता बोलण्याचे बटण कधीही दाबू नये, कारण त्याने शक्तिवर्धक बाद होऊ शकतो.

२) जोडणीचा क्रम संच, मोठा ॲटेन्युएटर, लहान ॲटेन्युएटर, ॲनालायझर असाच असावा. दाबण्यापूर्वी सर्व जोड पुन्हा एकदा पाहावेत.

३) परवान्यात बसणारी कंप्रता निवडावी. व्हीएचएफसाठी १४४.१, १४५.० आणि १४५.९ अशा तीन ठिकाणी मोजणी केली तर पट्ट्याची दोन्ही टोके तपासली जातात. यूएचएफसाठीही तसेच करावे.

४) न बोलता पाच-दहा सेकंद बटण दाबावे आणि मूळ लहरीची पातळी नोंदवावी. ६० डेसिबल घट असल्यास ती उणे २३ डीबीएमच्या आसपास दिसली पाहिजे. फारच वेगळी दिसली, तर आधी जोडण्यांत किंवा संचाच्या शक्तीत काय बिघडले आहे ते शोधावे.

५) त्यानंतर दुसरा, तिसरा, चौथा असे हार्मोनिक क्रमाने पाहावेत. आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार १०० ते ३०० मेगाहर्ट्झमधील प्रक्षेपकाची तपासणी दहाव्या हार्मोनिकपर्यंत आणि ३०० ते ६०० मधील प्रक्षेपकाची ३ गिगाहर्ट्झपर्यंत करावयाची असते. घरगुती साधनाने तेवढे जमले नाही, तरी पाचव्या हार्मोनिकपर्यंत जाणे इष्ट.

६) मूळ कंप्रतेच्या खालचा पट्टाही पाहावा. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ हा नागरी विमानांच्या संभाषणाचा पट्टा आहे. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून प्रवासी विमानसेवा सुरू झाली आहे. तेव्हा वऱ्हाडातील चालकांनाही हा पट्टा दुर्लक्षून चालणार नाही.

७) हीच मोजणी कमी शक्तीवर आणि बॅटरी उतरत आली असताना पुन्हा करावी. शक्ती कमी केली की हार्मोनिकही कमी होतो, पण तो त्याच प्रमाणात कमी होईलच असे नाही.

८) संचाचे मॉडेल, अनुक्रमांक, तारीख, शक्ती आणि प्रत्येक हार्मोनिकची पातळी वहीत लिहून ठेवावी. पुढच्या वर्षी तुलना करण्यास ती नोंद कामी येते.

फसवे संकेत

नवख्या तपासनिसाची सर्वाधिक फसगत येथे होते. ॲनालायझरच्या प्रवेशद्वारी प्रमाणाबाहेर शक्ती आली की तो स्वतःच हार्मोनिक तयार करतो आणि ते संचाचे म्हणून पडद्यावर दाखवतो. निर्दोष संच त्यामुळे दोषी ठरू शकतो. खरे-खोटे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. मध्ये आणखी १० डेसिबलचा ॲटेन्युएटर घालावा. संकेत खरोखर संचातूनच येत असेल, तर मूळ लहर आणि हार्मोनिक दोन्ही बरोबर १० डेसिबल खाली उतरतात. तो ॲनालायझरच्या पोटात तयार होत असेल, तर दुसरा हार्मोनिक सुमारे २० आणि तिसरा सुमारे ३० डेसिबल उतरतो.

उदाहरण घेऊ. मूळ लहर उणे २३ वर आणि दुसरा हार्मोनिक उणे ६८ डीबीएमवर दिसतो. फरक ४५ डेसिबलचा. पाच वॅटच्या संचात याचा अर्थ सुमारे १६० मायक्रोवॅट, म्हणजे संच नापास. १० डेसिबल वाढवल्यावर मूळ लहर उणे ३३ वर गेली आणि हार्मोनिक उणे ७८ वर, तर निकाल कायम. हार्मोनिक उणे ८८ वर गेला, तर मात्र दोष यंत्रातील अतिभाराचा होता. घट वाढवून नव्याने मोजावे लागेल.

दुसरी फसगत उलट दिशेची असते. स्वस्त ॲटेन्युएटर १४५ मेगाहर्ट्झवर ४० डेसिबल घटवतो, पण ८७० वर त्याची घट तेवढीच असेल याची हमी नसते. तेथे तो जास्त घटवत असेल तर वाईट हार्मोनिकही चांगला दिसतो. म्हणून ॲटेन्युएटर आणि केबल यांचे वर्तन वेगवेगळ्या कंप्रतांवर आधी तपासून घ्यावे किंवा माहीतगार प्रयोगशाळेकडून तपासून आणावे.

तिसरी गोष्ट अँटेनाची. वरील मोजणी केबलमधून होते, तर प्रत्यक्षात लहर अँटेनातून निघते. दोन बँडांची अँटेना १४५ आणि ४३५ या दोन्ही कंप्रतांना जुळवलेली असते. १४५ चा तिसरा हार्मोनिक तिच्यातून विनासायास बाहेर पडतो. २९० मेगाहर्ट्झला मात्र ती तितकीशी अनुकूल नसते. केबलवर दोन्ही हार्मोनिक सारखे मोजले गेले तरी हवेत तिसराच अधिक त्रासदायक ठरण्याचा संभव असतो.

कानाने चाचणी घेता येते का?

एका संचावर १४५.००० मेगाहर्ट्झवर बटण दाबायचे आणि मित्राने थोड्या अंतरावर दुसरा संच ४३५.००० वर लावून ऐकायचे, अशी एक चाचणी हौशी मंडळींत प्रचलित आहे. तिच्यातून हार्मोनिकचे अस्तित्व कळते, प्रमाण कळत नाही. २५ मायक्रोवॅट हा पूर्णपणे नियमात बसणारा हार्मोनिकही शंभर मीटरवर सुमारे उणे ८१ डीबीएम एवढा, म्हणजे ठणठणीत ऐकू येतो. तेव्हा शेजारच्या खोलीत ऐकू आला म्हणून संच टाकाऊ ठरत नाही. दोन संचांची तुलना करण्यासाठी ही चाचणी जरूर वापरावी. एकाच जागी, एकाच अँटेनाने, एकाच शक्तीवर एक संच दोनशे मीटरवर विरतो आणि दुसरा दोन किलोमीटरपर्यंत ऐकू येतो, तर दुसऱ्याला मोजणीच्या टेबलावर नेण्यास हे कारण पुरेसे आहे. अशा तुलनेसाठी रिद्धपूर परिसरातील मोकळे, कमी गोंगाटाचे शिवार शहरातील गच्चीपेक्षा केव्हाही सरस.

कायदा आणि खरेदी

भारतात हौशी रेडिओसाठी केंद्रीय दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेचा परवाना लागतो. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला परीक्षा देऊन तो मिळवता येतो. विदर्भातील उमेदवारांसाठी नागपूर हे परीक्षा केंद्र राहिले आहे. १९७८ च्या हौशी सेवा नियमांनी या क्षेत्राची चौकट घालून दिली. पुढे तार व बिनतारी यंत्रणेविषयीच्या १८८५ आणि १९३३ च्या जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी दूरसंचार अधिनियम, २०२३ संमत झाला. परवाना चालकाला मिळतो. त्याच्या संचातून काय बाहेर पडते याची जबाबदारीही त्याच्याकडेच येते.

विनापरवाना वापरासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा २०१८ च्या नियमांनी खुला केला आहे. मात्र त्यासाठीचा संच अल्पशक्तीचा आणि शासनाची उपकरण प्रकार मान्यता मिळालेला असावा लागतो. यात्रा, मिरवणुका, लग्नकार्ये यांत स्वयंसेवकांच्या हाती दिसणारे पुष्कळ वॉकी-टॉकी या व्याख्येत बसत नाहीत. हौशी बँडांचे संच १३६ ते १७४ आणि ४०० मेगाहर्ट्झच्या पुढे कोठेही लावता येतात, म्हणून ते परवान्याविना वापरणे हा गुन्हा तर आहेच. शिवाय पोलीस आणि वनखात्यासारख्या यंत्रणांच्या संदेशवहनाला त्यामुळे धोका पोचू शकतो. ऑनलाइन बाजारातील अशा विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. संचाच्या कंप्रता, परवान्याची आवश्यकता आणि प्रकार मान्यता यांची माहिती विक्रेत्याने स्पष्टपणे द्यावी, हा त्यांचा गाभा आहे.

खरेदी करताना ग्राहकाने विक्रेत्याकडे भटक्या उत्सर्जनाचा चाचणी अहवाल मागावा. मान्यता मिळवताना जो नमुना तपासला जातो त्याचाच तो अहवाल असतो. आपल्या हातातील संचाची तपासणी त्याने टळत नाही. अधिकृत अहवालच हवा असल्यास मुंबईतील ‘समीर’ किंवा ‘ईआरटीएल (पश्चिम)’ यांसारख्या शासकीय प्रयोगशाळा अशा चाचण्या करतात. मात्र एकट्या हौशी चालकाला तो खर्च परवडण्याजोगा नाही. त्यापेक्षा हौशी मंडळांनी जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाशी बोलून वर्षातून एखादा दिवस तपासणीचा ठरवावा, हे अधिक व्यवहार्य. एका संचाची प्राथमिक तपासणी पंधरा मिनिटांत आटोपते आणि विद्यार्थ्यांनाही पुस्तकातला हार्मोनिक पडद्यावर पाहावयास मिळतो.

संच नापास ठरल्यास

निराश होण्याचे कारण नाही. विक्रेत्याच्या मुदतीत असेल तर तो परत करावा. तसे शक्य नसल्यास संच आणि अँटेना यांच्यामध्ये बाहेरून बसवण्याचा लो-पास फिल्टर मिळतो किंवा घरी तयार करता येतो. १५० मेगाहर्ट्झपर्यंत मार्ग देणारा आणि २८० च्या पुढे किमान ३० डेसिबल अडवणारा फिल्टर लावला, तर व्हीएचएफवर बहुतेक नापास संच सुधारतात. त्यानंतर तो संच यूएचएफवर वापरता येत नाही, हे ओघानेच आले. गच्चीवरील कायमच्या अँटेनासाठी हा उपाय उत्तम. खिशात घेऊन फिरताना तो गैरसोयीचा ठरतो. संच उघडून आतील वेटोळी हलवण्याचा मोह टाळावा. मोजणीचे यंत्र समोर नसताना केलेली अशी दुरुस्ती बहुधा दोष वाढवते.

फिल्टर बसवल्यावर पुन्हा मोजणी करावी आणि मगच संच वापरात आणावा. एवढे करूनही सुधारणा न झालेला संच केवळ ऐकण्यासाठी ठेवावा. प्रक्षेपणासाठी त्याचा उपयोग करू नये. आपत्तीच्या कामासाठी राखून ठेवलेल्या पेटीत तर न तपासलेला एकही संच असता कामा नये. पेटीतील प्रत्येक संचावर तपासणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवली, तर ऐन वेळी कोणता संच हातात घ्यावा हा प्रश्न पडत नाही.